विंडोज, लिनक्स आणि मॅक: एकच फोल्डर तिन्हीकडून कमांड लाइनने उघडण्याची रीत

डीटीपीच्या अनेक ऑफिसांत तीन तऱ्हेची मशीन्स शेजारी शेजारी असतात. मजकूर विंडोजवर टाइप होतो, मुखपृष्ठ आणि मांडणी मॅकवर होते, आणि बॅकअपसाठी एखाद्या जुन्या मशीनवर लिनक्स टाकून ते कोपऱ्यात चालू ठेवलेलं असतं. काम एकच, फायलीही त्याच, पण त्यांची ने-आण पेन ड्राइव्हने किंवा व्हॉट्सअॅपने चालते. मग एकाच लेखाच्या तीन प्रती तीन मशीनवर तयार होतात आणि दुरुस्त केलेली प्रत कुठली, हे छपाईच्या आदल्या रात्री शोधत बसावं लागतं.

एक फोल्डर एका मशीनवर ठेवायचं आणि बाकीच्यांनी नेटवर्कवरून तेच उघडायचं, हा त्यावरचा सरळ उपाय. माउसनेही हे जमतं. पण अडलं की खिडकी फक्त ‘जोडता आलं नाही’ एवढंच सांगते. कमांड लाइनवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) नेमकं कुठे अडलं ते कळतं, म्हणून मी कायम तिथूनच सुरुवात करतो. तपासायच्या गोष्टी पाच, आणि क्रम बदलायचा नाही: मशीन सापडतंय का, पोर्ट (त्या मशीनचं नेटवर्कवरचं दार) उघडं आहे का, नाव-पासवर्ड चालतोय का, शेअर (नेटवर्कवर खुलं केलेलं फोल्डर) सापडतोय का, आणि फायलींवर हक्क आहे का. पहिल्या गोष्टीची खात्री न करता चौथीत हात घातला की अख्खी दुपार जाते.

कमांड कशा वाचायच्या ते आधी सांगतो. या लेखात त्या देवनागरीत दिल्या आहेत, फोनवर समोरच्याला सांगतो तशा. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे, बाकी सगळी अक्षरं लहान. ‘एसएमबी’ म्हणजे एस, एम, बी ही तीन अक्षरं सलग. उदाहरणासाठी विंडोज मशीनचा पत्ता १९२.१६८.१.२०, शेअरचं नाव ‘अंक’ (ए, एन, के) आणि वापरकर्त्याचं नाव ‘डीटीपी’ धरलं आहे. शेअर आणि वापरकर्ता यांची नावं अशीच छोटी, रोमन आणि मध्ये जागा न सोडता ठेवा. आतल्या फायलींची नावं मराठीत खुशाल ठेवा, त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

थोडी पार्श्वभूमी

या सगळ्यामागे एसएमबी नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे मशीनांची आपसात बोलण्याची ठरलेली भाषा, आहे. तो १९८० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मला, पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवला आणि विंडोजची फाइल-वाटणी त्यावरच उभी राहिली. १९९२ च्या सुरुवातीला कॅनबेरातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी नेटवर्कवरून जाणारे संदेश तपासून त्याच भाषेत बोलणारा आपला सर्व्हर लिहिला. तोच आजचा सांबा. लिनक्स मशीन विंडोजसाठी फोल्डर खुलं करतं ते सांबामुळे. अॅपलनेही २०१३ च्या मॅव्हरिक्स या मॅकच्या आवृत्तीपासून फाइल-वाटणीचा स्वतःचा जुना प्रोटोकॉल एएफपी मागे ठेवून एसएमबीला पहिली पसंती दिली. म्हणजे तिन्हीकडे चालणारी भाषा एकच आहे आणि बाहेरून काही विकत घ्यावं लागत नाही.

विंडोजवर फोल्डर खुलं करणं

सगळ्यात जास्त लोक अडतात ते इथे, आणि कारण बहुतेक वेळा पिन असतं. आपण रोज चार किंवा सहा आकड्यांचा पिन टाकून विंडोज उघडतो. हळूहळू तोच आपला पासवर्ड आहे असं वाटू लागतं. पण पिन फक्त त्या मशीनसमोर बसलेल्या माणसासाठी असतो. नेटवर्कवरून तो चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो आणि तो बहुतेकांना आठवत नसतो. खात्याला पासवर्डच नसेल तरीही उपयोग नाही, कारण रिकाम्या पासवर्डचं खातं विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

म्हणून वाटणीसाठी एक वेगळं खातं उघडा. ते रोजच्या लॉगिनला वापरायचं नाही. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि या चार ओळी एकेक करून चालवा:

नेट यूजर डीटीपी * /अॅड

एमकेडीआयआर डी:\अंक

आयसीएसीएलएस डी:\अंक /ग्रँट "डीटीपी:(ओआय)(सीआय)एम"

नेट शेअर अंक=डी:\अंक /ग्रँट:डीटीपी,चेंज

पहिल्या ओळीतला तारा महत्त्वाचा. त्यामुळे पासवर्ड विचारला जातो आणि तो कमांडमध्ये उघडा लिहावा लागत नाही. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ते तसंच असतं. तिसऱ्या ओळीतली ओआय, सीआय आणि एम ही अक्षरं मोठी. त्यांचा अर्थ असा की आतल्या सगळ्या फायली आणि उपफोल्डरांवर बदल करण्याचा हक्क द्यावा.

तिसरी आणि चौथी ओळ दोन्ही का, असा प्रश्न पडेल. विंडोजवर नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन चौक्या लागतात. एक शेअरची, दुसरी डिस्कवरच्या फोल्डरची, आणि दोन्हींपैकी जी कडक असेल तीच लागू होते. शेअरवर ‘चेंज’ दिलं पण फोल्डरवर फक्त वाचण्याचा हक्क असेल, तर फाइल उघडते आणि सेव्ह होत नाही. चौथ्या ओळीत ‘ग्रँट’ लिहिलं नाही तर विंडोज सगळ्यांना फक्त वाचण्याचा हक्क देतं, आणि मग लिहिता का येत नाही म्हणून लोक भलतीकडे शोधत बसतात. वैतागून ‘एव्हरीवन’ला पूर्ण हक्क देण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मानू नका. वायफायचा पासवर्ड पाहुण्यांना देणाऱ्या ऑफिसात तर अजिबात नको.

आणखी तीन गोष्टी बघून घ्या. नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर ते सेटिंग्जमध्ये जाऊन ‘प्रायव्हेट’ करा आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा, नाहीतर फायरवॉल दारातूनच परत पाठवेल. राउटरमध्ये या मशीनचा पत्ता कायमचा राखून ठेवा, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदललेला असतो. आणि मशीन झोपू देऊ नका:

पॉवरसीएफजी /चेंज स्टँडबाय-टाइमआउट-एसी ०

घरगुती आणि ऑफिसच्या साध्या विंडोजवर एका वेळी २० जोडण्यांची मर्यादा आहे. लहान ऑफिसाला ती पुरून उरते.

पोर्ट तपासा, मगच पुढे जा

एसएमबीचं पोर्ट ४४५. लिनक्स आणि मॅक दोन्हींवर:

एनसी -झेडव्ही १९२.१६८.१.२० ४४५

विंडोजवरून तपासायचं असेल तर पॉवरशेलमध्ये:

टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.२० -पोर्ट ४४५

लिनक्सवर एनसीची तीन उत्तरं येऊ शकतात. ‘सक्सीडेड’ आलं तर पुढे चला. लगेच ‘रिफ्यूज्ड’ आलं तर मशीन सापडलं आहे, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. म्हणजे वाटणीची सेवाच बंद आहे. कर्सर नुसताच लुकलुकत राहिला आणि काही वेळाने टाइमआउट झाला तर एक तर पत्ता चुकला, नाहीतर फायरवॉलने उत्तरच दिलं नाही. पिंग (मशीन जागं आहे का ते विचारणारी कमांड) करून निष्कर्ष काढू नका. विंडोजचं फायरवॉल पुष्कळदा पिंगला उत्तर देत नाही आणि तरीही ४४५ व्यवस्थित उघडं असतं.

लिनक्सवरून: आधी नुसतं डोकावून बघा

उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर दोन पॅकेजं लागतात (‘सुडो’ म्हणजे कमांड ‘रूट’च्या, म्हणजे मशीनच्या प्रशासकाच्या, हक्काने चालवणं):

सुडो एपीटी इन्स्टॉल एसएमबीक्लायंट सीआयएफएस-यूटिल्स

फेडोरावर पहिल्याचं नाव ‘सांबा-क्लायंट’ आहे, दुसरं तेच. थेट माउंट करण्याआधी, म्हणजे शेअर आपल्या मशीनला जोडण्याआधी, एसएमबीक्लायंट वापरा, कारण त्याचे निरोप जास्त स्पष्ट असतात:

एसएमबीक्लायंट -एल //१९२.१६८.१.२० -यू डीटीपी

इथे एल आणि यू दोन्ही मोठी अक्षरं. पासवर्ड दिला की शेअरची यादी दिसते. त्यात ‘अंक’ असेलच, शिवाय आयपीसी आणि सी यांच्यापुढे डॉलरचं चिन्ह लावलेली नावंही असतील. ती विंडोजची स्वतःची, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. यादीच्या शेवटी एसएमबी१ ने जोडता आलं नाही, वर्कग्रुप उपलब्ध नाही अशा अर्थाची ओळ येते. ती पाहून पुष्कळ जण घाबरतात, पण ती चूक नव्हे. जुना प्रोटोकॉल बंद आहे एवढंच ती सांगते, आणि तो बंदच असायला हवा.

खरी चूक असेल तर ‘एनटी_स्टेटस’ने सुरू होणारं नाव येतं. ‘लॉगॉन_फेल्युअर’ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. आधी पिनची गोष्ट आठवा. ‘बॅड_नेटवर्क_नेम’ म्हणजे लॉगिन झालं, पण त्या नावाचा शेअरच नाही. ‘अॅक्सेस_डिनाइड’ म्हणजे माणूस ओळखला गेला, पण त्याला हक्क दिलेला नाही. मग वर सांगितलेल्या दोन चौक्या तपासा. अडचण पाचांपैकी कुठल्या पायरीवर आहे ते या तीन निरोपांवरून लगेच ठरतं.

यादी दिसली की शेअरच्या आत जा:

एसएमबीक्लायंट //१९२.१६८.१.२०/अंक -यू डीटीपी

आता ‘एसएमबी: \>’ असा प्रॉम्प्ट येतो. इथे ‘एलएस’ने यादी, ‘सीडी’ने फोल्डर बदलणं, ‘गेट’ने फाइल आणणं, ‘पुट’ने पाठवणं. ‘एलसीडी’ने आपल्या बाजूचं फोल्डर बदलतं. अख्खं फोल्डर आणायचं असेल तर आधी ‘रिकर्स’ आणि ‘प्रॉम्प्ट’ या दोन कमांड एकेकदा द्या, मग ‘एमगेट’ आणि पुढे तारा. ‘प्रॉम्प्ट’ दिलं नाही तर प्रत्येक फाइलला हो की नाही विचारत बसतं. एखादी फाइल घ्यायची नि निघायचं एवढंच काम असेल तर माउंट करण्याची गरजच नाही, हेच पुरेसं आहे.

लिनक्सवरून: कायमचं जोडणं

रोजच्या कामाला मात्र फोल्डर आपल्याच मशीनवरचं असल्यासारखं दिसायला हवं.

सुडो एमकेडीआयआर -पी /एमएनटी/अंक

सुडो माउंट -टी सीआयएफएस //१९२.१६८.१.२०/अंक /एमएनटी/अंक -ओ यूजरनेम=डीटीपी,यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,आयओकॅरसेट=यूटीएफ८

‘-ओ’ नंतरची यादी स्वल्पविरामाने जोडलेली, मध्ये कुठेही जागा नाही. ‘आयओकॅरसेट’मध्ये आय आणि ओ यांना जोडून सी, एच, ए, आर, एस, ई, टी अशी अक्षरं टाइप करायची. यूआयडी दिला नाही तर सगळ्या फायली रूटच्या मालकीच्या दिसतात आणि तुम्हाला त्यात लिहिता येत नाही. तुमचा आकडा ‘आयडी -यू’ या कमांडने कळतो. उबुंटूवर पहिल्या वापरकर्त्याचा बहुधा १००० असतो. शेवटचा पर्याय मराठी नावांसाठी. काही लिनक्सवर तो नसला तरी चालतं, काहींवर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. देऊन ठेवा.

माउंट अडलं तर कंसात आकडा येतो. १३ म्हणजे नाव, पासवर्ड किंवा हक्क. २ म्हणजे शेअरचं किंवा आतल्या फोल्डरचं नाव चुकलं. ११२ आल्यावर ‘होस्ट इज डाउन’ असं लिहिलेलं असतं, पण मशीन चालूच असतं. दोन्ही बाजूंची एसएमबी आवृत्ती जुळत नसल्याची ही खूण. ११५ म्हणजे पोर्टपर्यंत पोचताच आलं नाही, मागच्या पायरीवर परत जा. ‘राँग एफएस टाइप’ आलं तर सीआयएफएस-यूटिल्स टाकायचं राहिलं आहे. नेमकं कारण हवं असेल तर ‘सुडो डीमेसेज’ चालवून शेवटच्या ओळी वाचा. टाइप करताना डी, एम, ई, एस, जी. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, खरा निरोप तिथे लिहून ठेवलेला असतो.

मशीन सुरू झालं की आपोआप जोडलं जावं, तर पासवर्ड वेगळ्या फायलीत ठेवा. ‘/ईटीसी/अंक.क्रेड’ नावाची फाइल करा, तिच्यात दोन ओळी: यूजरनेम=डीटीपी आणि पासवर्ड=तुमचा पासवर्ड. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नका. मग ती फक्त रूटला वाचता यावी म्हणून:

सुडो सीएचमॉड ६०० /ईटीसी/अंक.क्रेड

आणि ‘/ईटीसी/एफएसटॅब’मध्ये शेवटी एकच ओळ:

//१९२.१६८.१.२०/अंक /एमएनटी/अंक सीआयएफएस क्रेडेन्शियल्स=/ईटीसी/अंक.क्रेड,यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,आयओकॅरसेट=यूटीएफ८,नोफेल,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट ० ०

‘नोफेल’ विसरू नका. तो नसेल आणि विंडोज मशीन बंद असेल तर लिनक्स सुरू होताना तिथेच अडून बसू शकतं. ऑटोमाउंटमुळे फोल्डर पहिल्यांदा उघडेपर्यंत जोडणीच होत नाही, म्हणून सकाळी कुठलं मशीन आधी सुरू झालं याने फरक पडत नाही. फाइल सेव्ह केल्यावर रीस्टार्ट करून बघू नका. ‘सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ आणि ‘सुडो माउंट -ए’ चालवा. ओळीत चूक असेल तर तिथेच कळेल.

बॅकअप घेणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की करावी. शेअर जोडलेला नसेल तर ‘/एमएनटी/अंक’ हे लिनक्सच्या डिस्कवरचं साधं रिकामं फोल्डर असतं, आणि रूटच्या हक्काने चालणाऱ्या स्क्रिप्टला त्यात लिहायला कुणाची ना नसते. रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट निमूटपणे तिथे फायली भरत राहते, विंडोजवर काहीच पोचत नाही. स्क्रिप्ट उलट दिशेने चालत असेल, शेअर हे मूळ आणि लिनक्स ही प्रत, आणि प्रतीतलं जादा काढून टाकण्याचा पर्याय चालू असेल, तर मूळ रिकामं समजून प्रतच पुसली जाते. म्हणून स्क्रिप्टमध्ये आधी विचारा:

माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/अंक && आरसिंक -आरटीव्ही /एमएनटी/अंक/ /होम/बॅकअप/अंक/

पहिला भाग खरा ठरला तरच दुसरा चालतो. आरसिंकला (फायलींची प्रत करणाऱ्या कमांडला) इथे नेहमीचा ‘-ए’ देऊ नका. एसएमबीवर लिनक्सच्या मालकीची आणि परवानग्यांची माहिती नीट येत-जात नाही. ‘-आरटीव्ही’ पुरतं.

सोडायचं असेल तेव्हा ‘सुडो यूमाउंट /एमएनटी/अंक’. यू नंतर एन नाही. ‘बिझी’ म्हणालं तर कुणीतरी टर्मिनल त्याच फोल्डरमध्ये उघडं ठेवलं आहे. बहुतेकदा ते तुमचंच असतं. ‘फ्युजर -व्हीएम /एमएनटी/अंक’ने नाव सापडतं, टाइप करताना एफ, यू, एस, ई, आर.

मॅकवरून

मॅकवर वेगळं काही टाकावं लागत नाही. आधी यादी:

एसएमबीयूटिल व्ह्यू //डीटीपी@१९२.१६८.१.२०

मग घरच्या फोल्डरात जागा करून जोडा:

एमकेडीआयआर ~/अंक

माउंट_एसएमबीएफएस //डीटीपी@१९२.१६८.१.२०/अंक ~/अंक

इथे सुडो लावू नका. लावलात तर जोडणी रूटच्या नावावर होते आणि तुम्हालाच आत जाता येत नाही. पासवर्ड या पत्त्यातच लिहिण्याची सोय आहे, पण ती वापरू नका. तो टर्मिनलच्या इतिहासात राहतो, शिवाय पासवर्डमध्ये @ असेल तर पत्ता तिथेच तुटतो. ‘ओपन’ ही कमांड देऊन पुढे ‘एसएमबी://डीटीपी@१९२.१६८.१.२०/अंक’ लिहिलंत तर फाइंडर उघडतो, पासवर्ड किचेनमध्ये (मॅकच्या पासवर्ड-साठ्यात) ठेवू का विचारतो, आणि शेअर ‘व्हॉल्यूम्स’मध्ये दिसतो. रोजच्या कामाला हे सोयीचं.

जोडणी झाल्यावर ‘एसएमबीयूटिल स्टॅटशेअर्स -ए’ चालवून बघा. एसएमबीची कुठली आवृत्ती चालू आहे आणि स्वाक्षरी (संदेशात वाटेत कुणी बदल केला नाही याची खूण) तपासली जाते आहे का, हे दोन्ही तिथे कळतं. फायली हळू येत असतील तर मी पहिल्यांदा हेच बघतो.

उलट दिशेने: लिनक्सवरचं फोल्डर विंडोजला

माझं मत विचाराल तर मूळ फोल्डर लिनक्सवर ठेवणं जास्त चांगलं. अपडेटसाठी मध्येच बंद होत नाही आणि जोडण्यांची २० ची मर्यादाही नाही. सांबा टाकायचा (‘सुडो एपीटी इन्स्टॉल सांबा’), डीटीपी नावाचा लिनक्स वापरकर्ता करायचा, ‘/एसआरव्ही/अंक’ हे फोल्डर त्याच्या मालकीचं करायचं, आणि ‘/ईटीसी/सांबा/एसएमबी.कॉन्फ’च्या शेवटी चार ओळी:

[अंक]
पाथ = /एसआरव्ही/अंक
व्हॅलिड यूजर्स = डीटीपी
रीड ओन्ली = नो

मग ‘सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए डीटीपी’. सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या लॉगिन पासवर्डपासून वेगळा साठवला जातो. ही पायरी राहिली की लिनक्समध्ये लॉगिन होतं आणि विंडोजवरून होत नाही, असा गोंधळ होतो. ‘टेस्टपार्म’ चालवून लिहिलेलं बरोबर आहे का बघा, मग ‘सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एसएमबीडी’.

विंडोजवरून, लिनक्सचा पत्ता १९२.१६८.१.३० धरून:

नेट यूज झेड: \\१९२.१६८.१.३०\अंक * /यूजर:डीटीपी /पर्सिस्टंट:येस

तिरप्या रेघा इथे उलट्या. पुन्हा पासवर्ड विचारू नये म्हणून तो ‘सीएमडीकी /अॅड:१९२.१६८.१.३० /यूजर:डीटीपी /पास’ या कमांडने साठवा.

विंडोजच्या चुकांनाही आकडे असतात. ५३ म्हणजे मशीनच सापडलं नाही, ६७ म्हणजे शेअरचं नाव चुकलं, ८६ म्हणजे पासवर्ड चुकला, ५ म्हणजे हक्क नाही. सगळ्यात चकवणारा १२१९. त्याच मशीनशी आधी दुसऱ्या नावाने जोडणी झालेली असते आणि विंडोज एका सर्व्हरशी एकाच वेळी दोन नावांनी बोलायला तयार नसतं. नुसतं ‘नेट यूज’ चालवून यादी बघा, जुनी जोडणी ‘/डिलीट’ लावून काढा आणि पुन्हा प्रयत्न करा.

झेड ड्राइव्ह जोडला आणि अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीत तो दिसत नाही, असंही होतं. विंडोज त्या खिडकीला वेगळं सत्र मानतं. साध्या खिडकीतून काम करा. आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटवर्कच्या पत्त्यावर थेट ‘सीडी’ चालत नाही. ‘पुशडी’ आणि पुढे पूर्ण पत्ता दिलात तर ते एक मोकळं अक्षर शोधून स्वतःच जोडून देतं, ‘पॉपडी’ने ते सुटतं. दोन मिनिटांच्या कामाला याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही.

मराठी फाइलनावं

एका मशीनवर असलेली फाइल दुसऱ्यावर ‘सापडत नाही’ म्हणते आणि यादीत मात्र दिसते, तेव्हा नावात ‘ऱ’ आहे का बघा. ‘शेतकऱ्यांची यादी’, ‘दुसऱ्या आवृत्तीचं मुखपृष्ठ’ अशी नावं. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, तीन बाइटचं; किंवा साधा र आणि त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचं टिंब), मिळून सहा बाइटचं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्का नावं फोडून, म्हणजे दुसऱ्या प्रकारे साठवत. लिनक्स आणि विंडोज नावाचे बाइट जसेच्या तसे ठेवतात, त्यामुळे त्यांच्या लेखी ती दोन वेगळी नावं. जुन्या मॅकवरून झिप करून किंवा आरसिंकने आणलेल्या फायली शेअरवर पडल्या की एकाच नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी दिसतात, किंवा यादीतली फाइल उघडत नाही. हिंदीत हे अक्षर सहसा लागत नाही, मराठीत पानोपानी येतं, म्हणून हा त्रास आपल्या वाट्याला जास्त.

फायली जिथे आहेत त्या लिनक्स मशीनवर ‘कॉन्व्हएमव्ही’ टाका (सी, ओ, एन, व्ही, एम, व्ही) आणि चालवा:

कॉन्व्हएमव्ही -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी -आर /एसआरव्ही/अंक

हे काही बदलत नाही, कुठली नावं बदलेल ते नुसतं दाखवतं. यादी नीट वाचा, समाधान झालं की त्याच ओळीत ‘--नोटेस्ट’ जोडून पुन्हा चालवा.

दुसरी अडचण लांबीची. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर नावाची मर्यादा २५५ बाइट, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ‘श्री’ म्हणजे श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हं, १२ बाइट. म्हणजे नावाला साधारण ८५ चिन्हं मिळतात. विंडोजवर २५५ चालतात. लेखकाचं नाव, लेखाचं शीर्षक आणि तारीख एकाच नावात भरणाऱ्यांच्या फायली विंडोजवर सुखाने राहतात आणि लिनक्सवर कॉपी होताना ‘नाव फार लांब’ म्हणून अडतात. नावात तारीख लिहिताना तिरपी रेघ, विसर्गासारखा दिसणारा कोलन आणि प्रश्नचिन्ह टाळा; मॅक आणि लिनक्सवर यातली काही चालतात, विंडोजवर एकही नाही.

एसएमबी१ चालू करू नका

जुन्या राउटरला लावलेली हार्ड डिस्क किंवा दहा वर्षांपूर्वीची नॅसपेटी (नेटवर्कला जोडायची डिस्कपेटी) जोडायला गेलात की कुणीतरी सांगतं, माउंटच्या पर्यायांत ‘व्हर्स=१.०’ लाव, चालेल. चालतं खरं. पण मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने जी फट बुजवली ती याच पहिल्या आवृत्तीतली. मे महिन्यात वॉनाक्राय हा संगणक-विषाणू त्याच फटीतून पसरला आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांच्या भेटी, शस्त्रक्रिया रद्द झाल्या. जूनमध्ये नॉटपेट्या हा दुसरा विषाणू आला. त्याचा फटका मर्स्क या जहाज कंपनीला बसला आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं त्यांच्या समूहाकडचं कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. त्यानंतर विंडोज १० ने नव्या मशीनवर एसएमबी१ टाकणंच थांबवलं, आणि लिनक्स कर्नलनेही त्याच वर्षी माउंटसाठीची आपली नेहमीची निवड एसएमबी१ वरून बदलली.

विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती आणखी पुढे गेली: पासवर्डविना पाहुणा म्हणून जोडणं बंद, आणि प्रत्येक संदेशावर स्वाक्षरी सक्तीची. अपडेटनंतर जुनी डिस्क दिसेनाशी झाली अशी तक्रार घेऊन लोक येतात ते यामुळे. विंडोजचं संरक्षण उतरवण्याऐवजी त्या डिस्कवरचा डेटा लिनक्स मशीनवर हलवा आणि वर सांगितल्याप्रमाणे सांबाने द्या.

ऑफिसच्या बाहेरून

घरून काम करायचं म्हणून राउटरमध्ये ४४५ पोर्ट इंटरनेटला उघडून देऊ नका, पासवर्ड कितीही मोठा असो. व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित रस्ता) असेल तर त्यातून जा; मग वरच्या सगळ्या कमांड जशाच्या तशा चालतात. तेवढी सोय नसेल आणि मूळ फोल्डर लिनक्सवर असेल तर एसएसएच (दूरच्या मशीनशी सुरक्षितपणे बोलण्याची सोय) पुरतं, पण त्यात पासवर्डाऐवजी किल्ली (ओळख पटवणारी फाइल) लावा आणि पासवर्डाचं लॉगिन बंद करा. क्लायंट तिन्हीकडे आधीपासून असतो. विंडोज १० मध्ये तो २०१८ पासून आहे. ‘एसएफटीपी डीटीपी@’ आणि पुढे ऑफिसचा पत्ता टाकला की आत ‘एलएस’, ‘सीडी’, ‘गेट’, ‘पुट’ या एसएमबीक्लायंटमधल्याच कमांड चालतात. अख्खं फोल्डर आणायचं असेल तर ‘गेट -आर’ आणि फोल्डरचं नाव.